एक्केचाळिसावी ओळ

माझा मामा हॅमस्टर सांभाळायचा. हसा, आधी हसून घ्या, मीही हसायचे. चाळीस पिंजरे, चाळीस हॅमस्टर, प्रत्येकाला पळायला एक चाक, आणि त्यांच्या मधोमध माझा सख्खा मामा, इतका उंच की खोलीच्या दारातून वाकून आत जायचा. मी त्या प्रयोगशाळेत आधीपासून होते, सहायक म्हणून. म्हणजे संशोधन मॅडमचं आणि हमाली माझी. मामाला तिथं मीच चिकटवला. हे लक्षात ठेवा, कारण पुढं सांगताना मी मध्येच ते विसरल्यासारखी बोलेन.

झालं असं की मामाचा बाटल्यांची झाकणं बनवायचा कारखाना बंद पडला. एकोणीस वर्षं तो एकाच मशीनसमोर उभा होता. लग्न केलं नव्हतं, खोली कारखान्याची होती, ती गेली. मग एक ट्रंक आणि एक टेबलफॅन घेऊन आला आमच्याकडे. बाबा गेल्यापासून घरात आई आणि मी, दोघीच. आईला धाकटा भाऊ आल्याचा आनंद झाला, पण मामाला लाज वाटायची. बाहेरच्या खोलीत पलंग टाकला होता, त्याच्यावर तो पाहुण्यासारखा अंग चोरून झोपायचा. आईला म्हणायचा, "ताई, एक कायमची नोकरी लागू दे, मग माझी ट्रंक आणि मी, दोघं जातो."

"तुला कोण घालवतंय?" आई म्हणायची.

"कोणी नाही. म्हणूनच जायला पाहिजे."

आता एक आमच्या आजोळची गोष्ट सांगते, ती लागणार आहे. आईकडच्या सगळ्यांच्या पोटात एकच घड्याळ आहे. पहाटे पाचला टक्क जाग, गजर नको. आणि नऊ वाजले की डोळे मिटले. आजोबा तर हातात घास धरून पेंगायचे. आई तशीच, मामा तसाच, आणि तुम्ही मला चिडवता ना, नऊ वाजले की हिचं दुकान बंद म्हणून, तर ते हेच. दिवाळं काढायचं म्हटलं तरी आमच्याकडे कुणी साडेनऊपर्यंत जागं राहून काढणार नाही, असं मामाच म्हणायचा.

तर मॅडमचा विषयही हाच. घड्याळ. प्राण्याच्या मेंदूत एक घड्याळ असतं. खिडकी नसलेल्या खोलीत, मिट्ट काळोखात ठेवलं तरी हॅमस्टर आपल्या वेळेला उठतो आणि चाकावर चढतो. चाक फिरलं की कॉम्प्युटरवर काळी रेघ उमटते. एका दिवसाची एक रेघ, तिच्याखाली दुसऱ्या दिवसाची. साध्या हॅमस्टरच्या रेघा एकाखाली एक येतात, भिंतीसारख्या. पण मॅडमकडे एक जात होती, तिच्या रेघा जिन्यासारख्या तिरक्या उतरायच्या. रोज दोन तास आधी. कारण त्यांचं घड्याळच बावीस तासांचं. एका जनुकात एवढासा बदल, आईकडून नाहीतर बापाकडून आलेला. तो शिकवून जात नाही, सवयीनं जात नाही. जन्माला येताना जो दिवस घेऊन आलात तो तुमचा.

आणि ही जात लवकर मरायची. वर्षाच्या आत. पाय सुजायचे, धाप लागायची, वजन वाढायचं, म्हणजे चरबी नाही, पाणी. कापून बघितलं की हृदय सुजलेलं, मूत्रपिंडं खराब. सगळे म्हणायचे जनुकच वाईट. मॅडम म्हणाल्या, थांबा. जनुक वाईट आहे की आपण त्यांना लावलेला दिवस वाईट आहे? चोवीस तासांचा दिवस आपला आहे, त्यांचा नाही. मग त्यांनी दोन खोल्या केल्या. दोन्हीकडे हीच जात. पहिल्या खोलीत दिवे चोवीस तासांच्या हिशेबानं, आपल्यासारखे. दुसऱ्या खोलीत बावीस तासांच्या. अकरा तास उजेड, अकरा तास अंधार. एक वर्ष बघायचं, कोण जगतं.

मला हे इतकं आवडलं होतं, मी तुम्हाला तेव्हा फोन करकरून सांगितलं होतं, आठवतंय? मी झपाटले होते. आणि झपाटलेल्या माणसाला जे सुचतं ते मला सुचलं. मी मॅडमना म्हटलं, दुसऱ्या खोलीत दिवे बावीस तासांचे, पण माणूस जर रोज सकाळी दहाला आत गेला, तर त्यांच्या कधी दुपारी जाईल, कधी भर झोपेत जाईल. मग काय उपयोग? माणूससुद्धा बावीस तासांनीच आत गेला पाहिजे. त्यांचा दिवा विझला, ते उठले, की दार उघडायचं. दर वेळी तेव्हाच. आणि दर वेळी तोच माणूस पाहिजे, कारण हात बदलला की हॅमस्टर बिथरतात.

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. त्या कधी कोणाचं कौतुक करत नाहीत. म्हणाल्या, "हे मला सुचायला हवं होतं."

त्या दिवशी मी जमिनीवर नव्हते. घरी येऊन रंगीत पेनांनी तक्ता केला. आज संध्याकाळी सहा, उद्या चार, परवा दोन, मग बारा, मग सकाळी दहा, असं मागं मागं. अकरा दिवसांनी परत संध्याकाळी सहा. तक्ता भिंतीवर लावला, आणि पलंगावर बसून मामा ते सगळं बघत होता.

"आणि हा बावीस तासांचा माणूस कोण?" त्यानं विचारलं.

"तू," मी म्हटलं.

वर्षाची नोकरी होती. वर्ष नीट पार पडलं तर कायम करणार, फक्त शेवटी डॉक्टरचा दाखला लागणार, प्रकृती ठणठणीत असल्याचा. मामानं मिशीवरून हात फिरवला. म्हणाला, "दाखल्याचं काय, मला साधी सर्दी होत नाही."

पहिले दोन महिने मजाच मजा. तिथं सगळे त्याला मामाच म्हणायला लागले, मॅडमसुद्धा. मग हॅमस्टर झाले भाचे. आत गेला की पुटपुटायचा, "काय भाच्यांनो, उजाडलं का? म्हणजे मावळलं का?" आत फक्त एक मिणमिणता लाल दिवा, कारण लाल रंग त्यांना जवळजवळ दिसत नाही. त्या उजेडात मामा भुसा बदलायचा, पाणी भरायचा, आणि आठवड्यातून एकदा प्रत्येकाला उचलून काट्यावर ठेवायचा. एरवी चावणारे हॅमस्टर त्याच्या तळव्यावर बसून गाल भरायचे.

आठवड्याचा एक तक्ता असायचा, कागदी. नंबर, वजन ग्रॅममध्ये, पाय, श्वास, शेरा. छापील ओळी पंचेचाळीस, हॅमस्टर चाळीस, खालच्या पाच रिकाम्या. मामा घोटीव अक्षरात भरून आणायचा आणि मी सोमवारी कॉम्प्युटरवर चढवायचे. दुसऱ्या महिन्यात एका सोमवारी बघते तर एक्केचाळिसावी ओळ भरलेली. वजन: ७१,०००. पाय: ठीक. श्वास: ठीक. शेरा: भूक भलत्या वेळी.

मी खो खो हसले. प्रोग्रामनं ते घेतलं नाही, दोनशे ग्रॅमच्या वर काही टाकलं की लाल चौकट यायची, चूक म्हणून. मी ओळ काढून टाकली आणि घरी त्याला विचारलं, "मामा, हा एक्केचाळिसावा कोण?"

"आहे एक. सर्वांत मोठा भाचा," तो म्हणाला. "चाक लहान पडतं त्याला."

मग दर आठवड्याला ती ओळ यायला लागली. त्याची गंमत म्हणून. भुशाची पोती तोलायचा मोठा काटा होता ना, त्याच्यावर उभा राहायचा आणि लिहायचा. आणि मी दर सोमवारी ती न चढवता पुढं जायचे. पहिल्यांदा वाचून हसायचे. मग न हसता वाचायचे. मग वाचायचंच सोडलं, कारण चाळीसपर्यंत आले की काम संपलं.

घरी काय चाललं होतं ते आईला विचारा. मामा सकाळी दहाला जेवायचा, दुसऱ्या दिवशी आठला, तिसऱ्या दिवशी सहाला. आईनं त्याच्या पलंगाभोवती जुन्या चादरी जोडून जाड पडदा शिवला, दुपारी झोप लागावी म्हणून. पण आजोळचं घड्याळ ते. दिवसा कधीही झोपला तरी पाचला टक्क जाग, आणि रात्री नऊनंतर कामावर असला तर उभ्या उभ्या पेंग. अकरा दिवसांतून एकदा त्याची आणि आमची वेळ जुळायची, त्या दिवशी तिघं एकत्र जेवायचो. आई म्हणायची, आला बाई माझा भाऊ प्रवासाहून.

एकदा त्या जेवणात आईनं मला विचारलं, "हे असं किती दिवस?"

"वर्षभर. आता अर्धं झालंच की."

"याच्या डोळ्यांखाली बघितलंस का?"

मी बघितलं. खरंच बघितलं, आणि म्हटलं, "अगं दोनच तास तर रोज सरकतंय. माणूस जुळवून घेतो."

मामानं ताटातून मान वर केली. "पण तू तर म्हणालीस घड्याळ जन्माचं असतं. शिकवून बदलत नाही."

"ते हॅमस्टरचं."

"आणि आपलं?"

"आपलंही असतं, पण आपल्याला कारण माहीत असतं ना. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत."

"हां," मामा म्हणाला. "कारण माहीत असलं की बरं पडतं." आणि मला भात वाढला.

मी तेव्हा तिरक्या रेघांवर तासभर बोलू शकले असते, एवढं मला येत होतं. त्या इमारतीत मॅडम सोडल्या तर जन्माच्या घड्याळाबद्दल माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि हे वाक्य मी बोलले.

सातव्या महिन्यात पहिल्या खोलीतले मरायला लागले. चोवीस तासवाले. एक, मग दोन, मग आठवड्याला तीन. दुसऱ्या खोलीत, मामाच्या खोलीत, सगळे टुणटुणीत, चाकं फिरतायत. मॅडम मोठ्यानं बोलत नव्हत्या, पण सकाळी लवकर यायला लागल्या होत्या. आणि त्याच सुमारास मामाला उशीर व्हायला लागला. दाराला कार्ड लावलं की वेळ नोंदली जायची. दहा मिनिटं उशीर. पंचवीस. एकदा चाळीस. मॅडमनी मला स्क्रीनवर दाखवलं, बघ, दार उशिरा उघडलं त्या दिवशी सगळ्यांच्या रेघेत खाच पडलीये.

"मामांना सांग," त्या म्हणाल्या. "नीट सांग, रागावून नको. पण इतकं चांगलं चाललंय आणि चाळीस मिनिटं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ आहे."

घरी आले तेव्हा मामा नुकताच आला होता, दुपारचे तीन वाजले असतील. पलंगावर बसून बूट काढत होता आणि बूट निघत नव्हता. टाचेला धरून ओढत होता. शेवटी निघाला. मोज्याची रबरी पट्टी जिथं होती तिथं पायात खड्डा पडला होता, बोटभर खोल, आणि तो तसाच राहिला होता. मी ते बघत बघत त्याला सांगितलं की मामा, चाळीस मिनिटं उशीर करून चालत नाही, रेघेत खाच पडते.

तो पायाकडे बघत म्हणाला, "पडली का खाच? बरं. नाही होणार."

दुसऱ्या दिवशी तीन गजराची घड्याळं आणली. एक उशीखाली, एक खिडकीत, एक स्वयंपाकघरात, म्हणजे उठून चालत जाऊन बंद करायला लागावं. त्यानंतर एकही मिनिट उशीर नाही. मॅडम खूश.

तो मला का बोलला नाही, असं तुम्ही विचाराल. डॉक्टरकडे का गेला नाही? तर दाखला. कागदावर एकदा सूज, धाप असलं काही चढलं की ठणठणीतचा दाखला कोण देणार? मग कायम कोण करणार? म्हणून तो कुठंच गेला नाही, कुणाला बोलला नाही. आईलाही नाही, कारण आईनं त्याच दिवशी ट्रंकेला कुलूप लावून त्याला घरी बसवला असता. एकाच ठिकाणी सगळं सांगत होता तो.

आता तो दिवस सांगते. साडेदहा महिने झाले होते. सकाळचे अकरा. मी माझ्या टेबलावर होते आणि स्क्रीनवर दाराची नोंद दिसत होती. मामा आत, सकाळी आठ. बाहेर, काही नाही. काम दोन तासांचं. सव्वाअकरा झाले, साडेअकरा. मला राग आला. खरं सांगते, काळजी नाही, राग. मला वाटलं आत भुशाच्या पोत्यावर झोपला असणार, आणि त्यांच्या जागायच्या वेळेत माणूस आत बसून राहिला की ते पळत नाहीत, म्हणजे परत खाच.

मी आत गेले. लाल दिवा. चाकांचा आवाज बारीक, चाळीस चाकांचा. मामा खरंच पोत्यावर बसला होता, भिंतीला टेकून, पाय पसरलेले, मांडीवर आठवड्याचा तक्ता. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "मामा, ऊठ. त्यांना त्रास होतो."

"हो," तो म्हणाला. "बसलोय जरा. झालं सगळं. चाळिसावाही झाला."

"बरं नाही का?"

"दम लागलाय थोडा."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. आता ऐका. दाराशेजारी साध्या दिव्याचं बटण आहे. माझ्या हातापासून एवढ्या अंतरावर होतं. ते दाबलं तर भर रात्री त्यांच्यावर ऊन पडल्यासारखं होतं, चाळीसच्या चाळीस घड्याळं सरकतात, साडेदहा महिने पाण्यात. मी बटण दाबलं नाही. मी लाल उजेडात बघितलं. लाल उजेडात सगळ्यांचे ओठ सारखेच दिसतात. तुमचेही, माझेही, आणि त्याचेही. मला तो बरा दिसला.

म्हटलं, "चल, बाहेर बस." तो रॅकला धरून उठला. मध्ये दोनदा थांबला. मी त्याच्या मागं उभी राहून पिंजऱ्यांकडे बघत होते, कुणाचं चाक थांबलंय का. मग दार उघडलं, दुसरं दार उघडलं, आणि बाहेरच्या ट्यूबलाइटखाली तो माझ्याकडे वळला. ओठ निळे होते, नखं निळी होती. कान राखाडी.

"काय झालं?" त्यानं मला विचारलं. माझ्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी आईला विचारलं, पायाला सूज कधीपासून? आई म्हणाली, माहीत नाही हो, तो पँट घालूनच असायचा. धाप कधीपासून? माहीत नाही. वजन वाढलंय का? आई रडायला लागली, म्हणाली, एका घरात राहतो आम्ही, पण भेट होत नव्हती.

मी बाहेर पडले, कामावर गेले, कपाट उघडलं आणि सगळे कागदी तक्ते काढले. सेहेचाळीस कागद. परत येताना बसमध्ये वाचले. एक्केचाळिसावी ओळ. आठवडा आठ, ७१,०००, ठीक, ठीक. आठवडा वीस, ७२,५००, झोप तुटक. आठवडा अठ्ठावीस, ७४,०००, पाय: संध्याकाळी सूज. आठवडा तीस, श्वास: जिना चढताना धाप. आठवडा तेहेतीस, बोट दाबल्यावर खड्डा, भरायला वेळ. हे शब्द माझे होते. पहिल्या दिवशी मीच त्याला शिकवलं होतं, हॅमस्टरचा पाय असा धरायचा, असं दाबायचं, खड्डा पडला तर लिहायचं, कारण तिथूनच सुरू होतं. आठवडा सदतीस, ७८,०००, शेरा: पहिल्या खोलीतल्यांसारखं. शेवटचा कागद त्याच दिवसाचा, उठताना त्यानं हातात धरून बाहेर आणलेला. ८१,५००. श्वास: बसून. शेरा रिकामा.

डॉक्टरांनी कागद उलटत उलटत बघितले. शेवटी म्हणाले, "माझ्याकडे एकाही पेशंटची इतकी नीट नोंद नाही. हे कोणाकडे देत होते?"

"माझ्याकडे," मी म्हटलं.

आईनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. अजून ती त्याबद्दल एक शब्द बोललेली नाही, आणि मला बोललेलं परवडलं असतं.

पाचव्या दिवशी मामा गेला. मध्ये एकदा शुद्धीत होता तेव्हा मला म्हणाला, "आज किती वाजता जायचंय?" मी म्हटलं, आज सुट्टी. म्हणाला, "भाच्यांना कोण सांगणार सुट्टी आहे म्हणून." मग म्हणाला, "तू वाचायचीस ना ते?" मी हो म्हटलं. खोटं बोलले की खरं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल घड्याळानं मारलं. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, हृदय आधीपासून कच्चं असेल, आजोबांचंही तसं होतं का विचारा, वय, कारखान्यातली धूळ, सांगता येत नाही. मॅडम भेटायला आल्या, आईचा हात धरून बराच वेळ बसल्या. जाताना जिन्यात मला म्हणाल्या, "एका जिवावरून काही सिद्ध होत नाही, हे तुला माहितीये." मी म्हटलं, माहितीये. वाईट म्हणून नव्हत्या बोलल्या त्या. मला वाचवायला बोलल्या. आणि ते खरंच आहे, एका जिवावरून काही सिद्ध होत नाही. दुसऱ्या खोलीत चाळीसपैकी सदतीस जगले, पहिल्या खोलीत चाळीसपैकी अकरा. ते सिद्ध झालं. जनुक वाईट नव्हतं. दुसऱ्याचा दिवस लावला म्हणून मरत होते.

पण ते नंतर. मामा गेला तेव्हा पाच आठवडे उरले होते आणि आत कुणीतरी जायलाच हवं होतं. मॅडमनी कुणाला सांगायच्या आधीच मी म्हटलं, मी जाते. तक्ता माझाच होता, भिंतीवर, रंगीत. आईनं पडदा काढला नव्हता. मी त्याच पलंगावर, त्याच पडद्याआड झोपायला लागले. तीन घड्याळं तिथंच होती. आणि तिसऱ्या दिवसापासून मला कळलं ते काय होतं. पहाटे पाचला टक्क जाग यायची, मग तीन वाजता का झोपलेली असेना. हॅमस्टर माझ्या हातावर बसायचे नाहीत. पिंजऱ्याचं झाकण उघडलं की पुढं यायचे, हाताचा वास घ्यायचे आणि मागं सरकायचे. सतरा नंबरनं मला तीनदा चावलं.

माझ्या जागी टेबलावर नवी मुलगी आली होती. हुशार, उत्साही, सारखी प्रश्न विचारणारी, म्हणजे मीच. कागदावरचं कॉम्प्युटरवर ती चढवायची. पहिल्या आठवड्याचा तक्ता मी भरला. चाळीसपर्यंत आले. मग मोठ्या काट्यावर उभी राहिले, आणि एक्केचाळिसाव्या ओळीत लिहिलं. ५२,०००. पाय: ठीक. श्वास: ठीक. शेरा: झोप नाही. कागद तिच्या टेबलावर ठेवला.

सोमवारी संध्याकाळी फाइल आली. मी उघडली, खाली खाली गेले. चाळीस ओळी.

तेवढ्यात तीच आली, हसत. "ताई, तुम्ही खाली काहीतरी गंमत लिहिली होतीत ना? मी काढली ती. चालेल ना?"

मी म्हटलं, "नाही. परत घाल."

तिचा चेहरा पडला. लगेच खुर्ची ओढून बसली, फाइल उघडली, माझ्यासमोर आकडा टाकला, परत टाकला, मग एकेक शून्य मोजून टाकला.

"घेतच नाही हो ताई," ती म्हणाली. "दोनशेच्या वर गेलं की लाल होतं."